कंसातलं अकरावं कलम

“उठा जरा. ती खुर्ची तुमची नाही.”

रेदवानशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. पहिल्या भेटीत म्हणे काहीतरी वेगळं जाणवतं. मला जाणवलं ते एवढंच, की त्याच्या ओल्या कोटातून आमच्या नव्याकोऱ्या गालिच्यावर पाणी ठिबकतंय.

जानेवारी होता. तबर्का गावाला पावसाने सकाळपासून झोडपून काढलं होतं, आणि पाच देशांच्या श्रम आणि सामाजिक धोरणाच्या बोलण्यांना जेमतेम तास उरला होता. यजमान आम्ही, ट्युनिसिया. मी खरं तर मंत्रालयात मसुदे लिहिणारी, पण घरी पाहुणे यायचे म्हटलं की झाडू कुणीही उचलतं. हॉटेलवाल्यांनी टेबलावरच्या देशांच्या पाट्या फ्रेंच अक्षरांच्या क्रमाने मांडल्या होत्या. मी त्या उचलून अरबी क्रमाने लावत होते, आणि हा मनुष्य पहिल्याच खुर्चीत पाय पसरून बसला होता.

“पाटी माझ्या देशाची, खुर्चीत मी,” तो म्हणाला. “मग खुर्ची कुणाची?”

“पाटी चुकलीय. अरबीत ट्युनिसिया आधी येतो, अल्जीरिया नंतर.”

“किती नंतर?”

“लगेच नंतर.”

“म्हणजे एक खुर्ची?” त्याने मान वळवून शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “एका खुर्चीसाठी एवढा आवाज चढवलात? अहो, मी पावसात दोन तास गाडी हाकत आलोय. अन्नाबाहून.”

“मग एक खुर्ची आणखी सरका. जवळच आहे.”

तो हसला आणि सरकला. कोटाचं पाणी आता दोन खुर्च्यांखाली झालं. मी मनातल्या मनात त्याला चार शिव्या घातल्या आणि ट्युनिसियाची पाटी त्याच्या शेजारी ठेवली. म्हणजे माझी.

“रेदवान,” तो म्हणाला. “कायदा विभाग.”

“दोर्रा. मसुदा माझा आहे.”

“अरे देवा! म्हणजे ते अकरावं कलम तुमचं?”

“का? आवडलं?”

“फार आवडलं. त्याला कंस घालायलाच मला पाठवलंय.”

आमच्या धंद्यात जे वाक्य एखाद्या देशाला मान्य नसतं, ते चौकोनी कंसात बसवतात. कंस निघेपर्यंत ते वाक्य कागदावर असूनही नसतं. माझ्या अकराव्या कलमात एवढंच होतं, की कामाला सरहद्द ओलांडून गेलेल्या कुणीही, हंगामी कामाच्या बायकांनीसुद्धा, कुठल्याही देशात काम केलेलं असो, त्यांची सगळी वर्षं पेन्शनसाठी एकत्र धरावीत. आणि त्या संध्याकाळी माझ्या कलमाच्या दोन्ही बाजूंना त्याने कंस ठोकले. जाताना वर म्हणतो कसा, “अक्षर सुंदर आहे हं तुमचं.” अस्सा राग आला!

पण खरं सांगायचं तर तो राग नव्हता, भीती होती. ते कलम माझ्या आईचं होतं.

माझी आई मबरूका. लग्नाआधी आणि लग्नानंतरही, सरहद्दीवरच्या आमच्या घार्दिमाऊहून गाडीत बसून ती पलीकडे अल्जीरियात टोमॅटोचे डबे भरायच्या कारखान्यात जायची. नऊ वर्षं गेली. नंतर इकडे शिवणकामाच्या कारखान्यात अकरा वर्षं राबली. पेन्शनला लागतात पंधरा. अकरा इकडे, नऊ तिकडे, दोन्हीकडे अपुरी. एकसष्टाव्या वर्षीही ती शेजारणींचे पडदे शिवते, आणि सुईत दोरा ओवायला मला हाक मारते.

आता गंमत बघा. प्रत्येक बैठकीत कलम पुकारलं की अध्यक्ष विचारतात, कुणाचा खासगी हितसंबंध आहे का? सगळे माना हलवतात, एका कागदावर ‘नाही’ म्हणून सही करतात. असेल त्याने सांगायचं आणि ते कलम संपेपर्यंत बाहेर जायचं, असा नियम. मीही ‘नाही’ लिहिलं. बिनदिक्कत लिहिलं. मी बाहेर गेले असते तर त्या बायकांसाठी भांडलं कोण असतं? आमचे साहेब शाद्ली, आदराने सगळे त्यांना सी शाद्ली म्हणतात, माणूस सोन्यासारखा, पण नियमाला असा चिकटलेला की माझं खरं कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी मला घरी पाठवलं असतं.

आणि रेदवानच्या बाजूच्या प्रमुख मादाम झुलेखा चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारायच्या. “दोर्रा, पोरी, अशा हंगामी बायका आहेत तरी कुठे? आमच्या नोंदीत एक नाही. एक नाव सांग. एक कारखाना सांग.”

“खूप आहेत, मादाम.”

“खूप हे नाव नव्हे.”

ज्या बायकांना मी विचारलं होतं त्या नाव द्यायला घाबरत होत्या, आणि जे एक नाव मला पाठ होतं ते मला घेता येत नव्हतं.

दुसरी बैठक मे महिन्यात मॉरिटानियात, नवाकशोतला झाली. बाहेर वाळूचं वादळ, खिडक्या बंद, आत चहाचे पेले एकामागून एक. शेजारी शेजारी बसून आम्ही पाच दिवस भांडलो. भांडणाच्या मध्ये तो माझ्या कागदाच्या कोपऱ्यावर हळूच काहीतरी लिहायचा. ‘लिबियाचे साहेब झोपले.’ ‘तुमच्या साहेबांच्या मिशीला साखर लागलीय.’ मी ओठ दाबून हसू आवरायचे आणि सी शाद्ली विचारायचे, “काय गं, ताप आहे का? लाल झालीयेस.”

मग फोनवर निरोप सुरू झाले. आधी कामाचे, मग… असेच. एकदा त्याने लिहिलं, ‘आज अन्नाबाचा समुद्र शांत आहे [आणि तू इथे नाहीस].’

चौकोनी कंसात! मी बराच वेळ त्या कंसाकडे बघत बसले. मग लिहिलं, ‘कंसातला मजकूर आमच्या शिष्टमंडळाच्या विचाराधीन आहे.’

‘शिष्टमंडळाने घाई करू नये. पण फार वेळही लावू नये.’

आईने विचारलंच. “कुणाचा फोन गं?”

“कामाचा.”

“कामाच्या फोनला एवढं हसतात? मी वीस वर्षं काम केलं, मला नाही कुणी हसवलं.”

ऑक्टोबरात शेवटची बैठक, त्याच्याच गावी, अन्नाबाला. या वेळी मसुदा पुरा झाला नाही तर सगळं दोन-तीन वर्षं लांबणीवर पडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा आई चौसष्टची होईल, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता. पहिल्या दिवशी दुपारी बैठक लवकर उठली आणि रेदवान म्हणाला, “चल, आइसक्रीम खाऊ.”

अन्नाबाच्या मधोमध मोठाली वडासारखी झाडं लावलेला लांबच लांब रस्ता आहे. अख्खं गाव तिथे दुपारचं आइसक्रीम खात बसतं. पानांतून पाखरांचा नुसता कलकलाट. आम्ही लिंबाचं बर्फ खात बसलो होतो आणि तो नेहमीसारखा बोलत नव्हता.

“जीभ गोठली का?” मी विचारलं.

“मी टिपण दिलंय मादामना. कंस काढावा म्हणून.”

मी चमचा खाली ठेवला. “खरं?”

“तीन महिने लिहीत होतो. तू म्हणतेस ते बरोबर आहे. उद्या त्या ते वाचून दाखवतील बहुतेक.” मग तो एकदम म्हणाला, “दोर्रा, तुला हे गाव आवडेल? म्हणजे… राहायला?”

आणि मी अशी वेळ आली की काय करते? तोंड चालवते.

“वा! इकडे राहायला आले तर माझी नोकरीची सात वर्षं गेली ना पाण्यात! तुमच्याच कंसामुळे. आधी कंस काढ, मग विचार.”

मी हसत म्हटलं होतं. तोही हसला, पण डोळ्यांनी नाही. परत जाताना तो दोन्ही हात खिशात घालून चालत होता. माझं काहीतरी चुकलं एवढं कळलं, पण काय ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांनी, मॉरिटानियाच्या त्या शांत म्हाताऱ्यांनी, अकरावं कलम पुकारलं आणि सवयीने विचारलं, “कुणाचा खासगी हितसंबंध?” कागद चाळायलाही लागले.

“माझा आहे,” शेजारून आवाज आला.

रेदवान उभा होता. मी त्याच्या बाहीला धरून खाली ओढणार होते, खरंच.

“कशा स्वरूपाचा?” अध्यक्षांनी विचारलं.

“लग्नाच्या.”

“आपण विवाहित आहात?”

“नाही. अजून नीट विचारलंसुद्धा नाही. पण ज्यांना विचारायचंय त्यांची सात वर्षं या कलमात अडकलीत. काल त्या म्हणाल्या, आधी कंस काढ, मग विचार.” तो थांबला. कान लालबुंद झाले होते. “थट्टेत म्हणाल्या. पण त्यानंतर मी कंस काढा म्हटलं, तर ते माझ्या देशासाठी की माझ्यासाठी, हे मलाच सांगता येणार नाही. म्हणून माझं टिपण मागे घेतो. मी बाहेर बसतो.”

पाच देश एकदम माझ्याकडे वळले. कुणी नाव घेतलं नव्हतं, पण त्या टेबलावर सात वर्षं नोकरी झालेली मुलगी मी एकटीच होते. सी शाद्लींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मादाम झुलेखांनी समोरचं टिपण उलटं करून बाजूला ठेवलं.

ते उलटं झालेलं टिपण बघून माझ्या पायाखालची जमीनच सरकली. लाजायला वेळच नव्हता. इतक्या महिन्यांची मेहनत, आईची नऊ वर्षं, सगळं याच्या प्रामाणिकपणापायी चुलीत! असा प्रामाणिकपणा घरी ठेवून यायचा की रे!

“आणखी कुणी?” अध्यक्ष विचारत होते.

“गप्प बस,” नियमाला चिकटलेले सी शाद्ली चक्क माझ्या कानाशी पुटपुटले. “त्याने तुझं नाव घेतलेलं नाही. सही कर, कलम वाचवू.”

कागद समोर आला. मी पेन उचललं. ‘नाही’ हा शब्द मी दोनदा लिहिला होता, तिसऱ्यांदा लिहायला कितीसा वेळ लागतो? पण तो दाराकडे चालत निघाला होता, पाठ ताठ, आणि एकदाही वळून बघत नव्हता. माझ्याकडून काहीच न मागता निघाला होता. आणि मी? मी तर त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट लपवून बसले होते, तीही पहिल्या दिवसापासून.

“माझेही आहेत,” मी उभी राहिले. “दोन. एक आत्ता बाहेर निघालाय.”

लिबियाचे साहेब, जे दर बैठकीला झोपतात, टक्क जागे झाले.

“आणि दुसरा माझी आई. मबरूका तिचं नाव. ती इथेच काम करायची, याच गावी, नदीकाठच्या टोमॅटोच्या कारखान्यात. नऊ वर्षं. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण मला उठवलं असतं आणि मला उठायचं नव्हतं. आता उठते.”

सी शाद्लींकडे बघायची हिंमत झाली नाही. कागदावर ‘हो’ लिहिलं आणि चालू पडले.

बाहेर व्हरांड्यात एक बाक होता. रेदवान त्याच्या एका टोकाला बसला होता. मी दुसऱ्या टोकाला बसले.

“तू कशाला आलीस?” तो घाबरून म्हणाला. “आत कोण लढणार?”

“लढणार! टिपण तू मागे घेतलंस आणि मला विचारतोस? काल रात्रीत एक निरोप टाकता आला नाही? ‘दोर्रा, उद्या मी सगळ्यांसमोर तुझा बाजार मांडणार आहे’ एवढंच?”

“तू अडवलं असतंस.”

“अडवलंच असतं!”

“म्हणून.”

मला रडू यायला लागलं. त्याने रुमाल काढला, मी घेतला नाही. मग घेतला. मग मी त्याला आईचं सगळं सांगितलं, पडदे, सुई, दोरा, सगळं. तो ऐकत राहिला आणि ऐकता ऐकता बाकावरून थोडा थोडा माझ्याकडे सरकत राहिला.

“मला माहीत असतं तर…” तो म्हणाला.

“तर काय? तर तू त्याचाही हितसंबंध जाहीर केला असतास. ओळखते मी तुला.”

“ओळखतेस?”

“दुर्दैवाने.”

आत काय चाललंय काही कळेना. एकदा दार उघडलं, मादामचा कारकून घाईघाईने बाहेर पडला आणि गाडी काढून कुठेतरी गेला. तास गेला. रेदवान कोपऱ्यावर जाऊन चण्याच्या पिठाची गरमागरम गरंतिता घेऊन आला, वर भरपूर जिरं आणि तिखट भुरभुरलेलं. एका पावात दोघांनी खाल्ली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच आमच्यामध्ये कागद नव्हता, कलम नव्हतं, आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. मला ते फार आवडलं, हे कबूल करते.

कारकून परत आला तो काखेत धुळीने माखलेलं जाड दप्तर घेऊन. आणखी अर्ध्या तासाने मादाम झुलेखा बाहेर आल्या. आम्ही शाळेतल्यासारखे उभे राहिलो.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “मी तुझ्याशी भांडत नव्हते गं, मी तुला विचारत होते. कुठला कारखाना? इथले बंद पडलेले पन्नास कारखाने, सगळ्यांची दप्तरं आमच्या तळघरात पडलीयेत. कुठलं उघडू, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.” त्यांनी बोटांवरची धूळ झटकली. “मबरूका, घार्दिमाऊची. डबे भरणे. नऊ हंगाम. तिच्या पानावर आणखी एकतीस बायका आहेत. तुमच्याकडच्याच.”

मी रेदवानचा रुमाल पुन्हा डोळ्यांना लावला.

“कंस काढला. तुमच्या साहेबांनी आणि मी मिळून. तुझं टिपण न वाचता काढला हो रेदवान, तेव्हा फुशारकी मारू नकोस.” त्या वळल्या, मग थांबल्या. “आणि पुरुषासारखा पुरुष तू, लग्नाचं पाच देशांच्या इतिवृत्तात नोंदवतोस आणि मुलीला अजून विचारलं नाहीस?”

त्यांच्या मागून सी शाद्ली आले. मिशी थरथरत होती, रागाने की कशाने कळेना. “यापुढच्या बोलण्यांना मी दुसऱ्याला पाठवणार. नियम म्हणजे नियम.”

“हो, सी शाद्ली.”

“तुझ्यासारखी लिहिणारी मला मिळायची नाही,” ते म्हणाले आणि झरझर निघून गेले.

मी आईला फोन लावला. आकडे मी सांगितले, दाबले रेदवानने.

“आई, तुझी नऊ वर्षं धरली. नाव सापडलं तुझं. इथल्या दप्तरात आहे.”

पलीकडे शिवणयंत्र थांबल्याचा आवाज आला.

“लिहिलंय?” आई म्हणाली. “माझं नाव लिहिलेलं आहे?”

“लिहिलंय. त्यांनी वाचून दाखवलं.”

“मला वाटायचं, आम्ही तिथे होतो हे फक्त आम्हालाच माहीत आहे,” ती म्हणाली, आणि रडायला लागली. मीही लागले. रेदवानने माझ्या हातातून फोन घेतला, का घेतला त्यालाच माहीत, आणि घसा खाकरून म्हणाला, “मावशी, मी रेदवान. अन्नाबाचा.”

आईचं रडणं टक्कन थांबलं. “कामाचा फोन तो तूच का?”

“हो… मीच.”

“हसवतोस ना तिला? आज रडवलंस काय?”

“थोडं रडवलं. पण मावशी, मला तुमच्या मुलीला एक विचारायचंय, आणि—”

“तिला काय विचारतोस? तिचं उत्तर मला मेपासून ठाऊक आहे. रीतसर ये. आईला घेऊन ये. शुक्रवारी ये, मी मासे करते.”

त्याने फोन कानाशी तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत तोच प्रश्न होता, लिंबाच्या बर्फावेळी अर्धवट राहिलेला, आणि या वेळी मी तोंड चालवलं नाही.

“ये,” मी म्हणाले. “मला तू हवा आहेस रेदवान. इकडे राहू नाहीतर तिकडे, दोघांचीही वर्षं आता कुठेच वाया जायची नाहीत.”